फोटोत आलेला तो अनोळखी ठिपका ओळखायचा कसा

आकाशाच्या फोटोत काहीतरी विचित्र आलंय आणि ते कुणाला तरी दाखवायचंय, तर आधी एवढं करा: फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो, बारीक ठिपके पुसले जातात आणि फाइलमध्ये नोंदलेली माहिती, म्हणजे वेळ, एक्सपोजर (कॅमेऱ्याने किती सेकंद प्रकाश आत घेतला), आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता), लेन्स, सगळी निघून जाते. मग हातात राहतं नुसतं चित्र, आणि नुसत्या चित्रावरून आकाशातली वस्तू सांगणं फार अवघड असतं. क्रॉप करू नका, उजळवू नका. त्या वस्तूभोवती लाल गोल काढायचाच असेल तर दुसऱ्या कॉपीवर काढा.

मी नाशिकला सिडकोत लग्नाचे अल्बम डिझाइन करते. दुसऱ्यांनी काढलेले फोटो दिवसभर डोळ्यांखालून जातात, त्यामुळे लेन्स आणि सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, काय काय करतात ते पाठ झालंय. पावसाळा सरला की सुट्टीच्या रात्री आम्ही घरचे अंजनेरीच्या पायथ्याकडे नाहीतर गंगापूर धरणाच्या बाजूला कॅमेरा घेऊन जातो. हे माहीत असल्यामुळे ओळखीतले लोक "ताई, हे काय असेल हो?" म्हणून फोटो पाठवतात. मला हे प्रश्न मनापासून आवडतात. कुणीतरी मान वर करून पाहिलं, फोटो काढला, घरी येऊन तो मोठा करून तपासला. त्याची "काही नाही, विमान असेल" अशी बोळवण करणं मला पटत नाही. विमानच असेल तर ते कसं ओळखलं, हे त्याला कळायला हवं, म्हणजे पुढच्या वेळी तो स्वतः ओळखेल.

मी पहिल्यांदा चार गोष्टी विचारते. कुठून काढला, कुठल्या दिशेला तोंड करून, नेमक्या किती वाजता, आणि ती वस्तू तेव्हा डोळ्यांना दिसली होती का. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. "नाही, घरी आल्यावर फोटोतच दिसली" असं उत्तर आलं तर आकाशाकडे बघण्याआधी कॅमेऱ्याकडे बघायचं. आणखी एक विचारते: त्याच्या आधीचा आणि नंतरचा फोटो आहे का? असतो, बहुतेकांकडे असतो. फक्त "तो चांगला आला नव्हता" म्हणून पाठवलेला नसतो. तोच मागून घ्यायचा. एखादी वस्तू दिसते कशी यावरून ती क्वचितच ओळखता येते. दोन फोटोंमध्ये ती ताऱ्यांच्या मानाने कशी सरकली, यावरून जवळजवळ नेहमी ओळखता येते.

कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यात तयार होणाऱ्या गोष्टींत सगळ्यात जास्त फसवतो तो लेन्सचा फ्लेअर. माझ्या दिराच्या मुलाने गंगापूर धरणावरून काढलेले दोन फोटो सांगते. मावळतीला तिजेची कोर होती. फोनमध्ये ती जास्त उजळल्यामुळे नुसता पांढरा गोळा झाली होती. आणि फोटोच्या दुसऱ्या बाजूला, डोंगराच्या जरा वर, हिरवट रंगाची एक स्वच्छ, रेखीव कोर तरंगत होती. "काकू, चंद्राची टोकं तर वर होती, हिची खाली आहेत. म्हणजे हा चंद्र नाहीच ना?" निरीक्षण अगदी बरोबर होतं त्याचं, आणि उत्तर त्यातच होतं. लेन्सच्या काचांमध्ये प्रकाश मागे-पुढे परावर्तित झाला की तेजस्वी वस्तूची एक फिकी प्रतिमा फोटोच्या मध्यबिंदूच्या पलीकडे, उलटी होऊन पडते. चंद्र स्वतः इतका उजळ की त्याचा आकार पुसला जातो. फ्लेअर मात्र मंद, म्हणून त्यात कोरीचा आकार शाबूत राहतो. ग्रहणाच्या वेळी तर या फ्लेअरमध्ये ग्रहण लागलेलं बिंब दिसतं.

तपासायचं असं. मूळ, न कापलेला फोटो उघडा. दोन्ही कर्ण काढा, ते जिथे छेदतात तो मध्यबिंदू. आता चंद्र, रस्त्यावरचा दिवा, जे काही फोटोत सगळ्यात तेजस्वी असेल त्यापासून मध्यबिंदूतून जाणारी रेघ पलीकडे तेवढीच लांब न्या. रेघेचं टोक त्या वस्तूवर पडलं तर तो फ्लेअर. एखाद्या वेळी अंतर थोडं कमी-जास्त भरतं, पण वस्तू रेघेवर असते. दिवे अनेक असतील तर फ्लेअरही अनेक, आणि दिव्यांची रांग जशी तशीच उलटी रांग. पुतण्याच्या दुसऱ्या फोटोत फोन जरा वेगळा कललेला होता आणि ती हिरवी कोर डोंगराच्या अलीकडे, काळ्या कातळावर येऊन बसली होती. आकाशातली वस्तू डोंगराच्या पुढे येत नाही. तिथेच निकाल लागला, तरी रेघ मी त्याला काढायला लावलीच.

हॉट पिक्सेल त्यापेक्षा सोपा. एकच लाल, हिरवा किंवा निळा ठिपका, कडा धारदार, आणि प्रत्येक फोटोत फ्रेमच्या त्याच जागी. कॅमेरा दुसरीकडे वळवला तरी तिथेच. लेन्सवर झाकण लावून, फोन असेल तर पालथा घालून, तेवढ्याच सेकंदांचा एक फोटो घ्या. ठिपका अंधारातही आला म्हणजे तो सेन्सरचा. स्टँडवर ठेवलेल्या कॅमेऱ्याने आणखी एक खूण मिळते. आकाश दर चार मिनिटांत एक अंश सरकतं. फोनच्या मुख्य लेन्सच्या चार हजार पिक्सेल रुंद फोटोत मध्यभागी एक अंश साधारण पन्नास पिक्सेलचा असतो. म्हणजे तीस सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये तारे पाच-सहा पिक्सेलच्या छोट्या रेघा होतात. सगळे तारे असे ताणलेले आणि तुमची वस्तू मात्र टिंबासारखी गोल, तर ती ताऱ्यांबरोबर फिरत नाहीये हे नक्की.

हात हलून आलेली नागमोडी रंगीत रेघ असेल तर शेजारचे तारे मोठे करून बघा. त्यांनीही तोच आकार घेतला असेल. फ्लॅश चालू असताना आलेले गोल गोल फिकट चेंडू म्हणजे लेन्सजवळची धूळ, धुकं किंवा पावसाचे थेंब. त्यावर जास्त वेळ घालवू नका. धरणाकाठी किडे आणि वटवाघळंही येतात, तीही एकाच फ्रेममध्ये.

आता हवेतल्या गोष्टी. नाशिकच्या डोक्यावरून मुंबईला ये-जा करणारी विमानं रात्रभर जातात, आणि ओझरचा विमानतळ जवळच. लांब एक्सपोजरमध्ये विमानाची रेघ मणी ओवल्यासारखी येते: सलग फिकट रेघ आणि तिच्यावर ठराविक अंतराने लखलखीत पांढरे ठिपके. विमानाच्या डाव्या पंखावर लाल दिवा असतो, उजव्यावर हिरवा. फोटोत लाल डावीकडे आणि हिरवा उजवीकडे असेल तर विमान तुमच्यापासून दूर चाललं होतं. फ्लाइटरडार या विमानांच्या नकाशाच्या साइटवर मागच्या दिवसांतलं आकाश पुन्हा चालवून बघता येतं, म्हणून तर वेळ नेमकी हवी. पण तिथे काही दिसलं नाही म्हणून विमान नव्हतंच असं म्हणू नका. गांधीनगरला लष्कराचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण चालतं, आणि लष्करी उड्डाणं या नकाशावर बहुतेकदा येत नाहीत. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. रात्रीच्या सरावात प्रकाशगोळे उडवले की पॅराशूटला लटकलेला तेजस्वी दिवा हळूहळू खाली येताना दिसतो आणि त्याच्या धुराची शेपटीही उजळते. दिशा देवळालीची, वस्तू सावकाश खाली सरकणारी, मिनिटा-दोन मिनिटांत विझणारी, असं वर्णन असेल तर आधी हा विचार करा.

दिवाळीत आणि लग्नसराईत कागदी आकाशदिवे, संक्रांतीच्या दिवसांत येवल्याच्या बाजूला दिवा बांधलेले पतंग, आणि आता कुठल्याही कार्यक्रमात ड्रोन. आकाशदिवा नारिंगी असतो आणि वाऱ्याच्या दिशेनेच जातो. त्या रात्री वारा कुठून होता ते आठवा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पूर्वेच्या क्षितिजावर नारिंगी धुरकट पट्टा आला असेल तर निफाडकडच्या द्राक्षबागा आठवा. पारा फार उतरला की शेतकरी घड वाचवायला बागेत शेकोट्या पेटवतात, आणि तो धूर खालून उजळतो.

यानंतर उपग्रह. इथे लोक सरळ रेघ दिसली की स्पेस स्टेशन म्हणून मोकळे होतात, म्हणून जरा थांबून सांगते.

आधी घड्याळ बघा. उपग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो, त्याच्यावर ऊन पडलं तरच तो दिसतो. स्पेस स्टेशन साधारण ४०० किलोमीटरवर आहे, स्टारलिंक या इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांपैकी बरेचसे ५५० किलोमीटरच्या आसपास. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर. इथे सूर्य झपाट्याने क्षितिजाखाली जातो आणि मध्यरात्री इतका खोल असतो की एवढ्या उंचीवरचे उपग्रह पूर्ण सावलीत असतात. म्हणून सूर्यास्तानंतरचे दोन-अडीच तास आणि सूर्योदयाआधीचे तेवढेच, हीच त्यांची वेळ. रात्री साडेबाराची रेघ असेल तर स्पेस स्टेशन बाजूला ठेवा आणि विमानाकडे वळा. लंडनच्या किंवा बर्लिनच्या लोकांनी लिहिलेलं वाचून "उन्हाळ्यात रात्रभर दिसतं" असं कुणी सांगेल. त्यांच्या अक्षांशावर ते खरं आहे, आपल्याकडे नाही.

मग वेग काढा. अंजनेरीहून शेजाऱ्यांनी काढलेला एक फोटो माझ्यासमोर आहे: दहा सेकंदांचा एक्सपोजर, मृगाच्या वरून गेलेली चारशे पिक्सेलची रेघ. पन्नास पिक्सेलचा एक अंश धरला तर आठ अंश, म्हणजे सेकंदाला अंशाचा आठ-दशांश भाग. स्पेस स्टेशन अगदी डोक्यावर असताना सेकंदाला जेमतेम एक अंश चालतं, क्षितिजाकडे बरंच कमी. तेव्हा हा वेग उपग्रहाला जुळतो. पण दहा किलोमीटर उंचीवरून ताशी ९०० किलोमीटरने जाणारं विमान डोक्यावर असताना सेकंदाला दीड अंशाच्या आसपास जातं आणि लांब असताना त्याहून हळू. म्हणजे मधे कुठेतरी दोघांचा वेग सारखाच भरतो. वेगाने विमान आणि उपग्रह वेगळे करता येत नाहीत. लुकलुक हवी, नाहीतर वेळ. त्या फोटोत लुकलुक नव्हती आणि रेघेचं पूर्वेकडचं टोक हळूहळू फिकट होत संपत होतं. संध्याकाळी पृथ्वीची सावली पूर्वेकडून चढत असते, उपग्रह तिच्यात शिरला की असाच विझतो. उपग्रह कधी कुठून दिसतील ते सांगणाऱ्या हेवन्स-अबव्ह या साइटवर नाशिकचं ठिकाण आणि ती तारीख घालून पाहिलं, आणि मिनिटासकट जुळलं.

फोनच्या नाइट मोडबद्दल इथे सावध करते. तो एक लांब फोटो घेत नाही, अनेक छोटे घेऊन एकावर एक बसवतो. त्यामुळे सलग जाणाऱ्या उपग्रहाचीही तुटक रेघ येते आणि लोक तिला विमानाची लुकलुक समजतात. तुकडे सारख्या लांबीचे आणि सारख्या तेजाचे असतील तर ती फोनची जोडणी. रेघेवर लखलखीत ठिपके असतील तर तो विमानाचा दिवा.

एकामागोमाग एक जाणाऱ्या दिव्यांची लांब सरळ रांग दिसली की आता बहुतेकांना स्टारलिंक आठवतं. मे २०१९ मध्ये पहिले ६० एकदम सोडले तेव्हा जगभर लोक चक्रावले होते. प्रक्षेपणानंतरचे काही दिवसच ही रांग अशी गच्च दिसते, पुढे ते वर चढतात आणि पांगतात.

उल्का मात्र क्षणात जाते. तिची रेघ दोन्ही टोकांना निमुळती, मधे फुगीर, पुष्कळदा एका बाजूला हिरवट, आणि ती एकाच फ्रेममध्ये सापडते. १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतला वर्षाव आपल्या थंडीत छान मिळतो. ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला आपल्याकडे ढगांतच जातो. उल्केसारखंच पण मिनिटभर रेंगाळणारं, तुकडे होत जाणारं काही दिसलं तर ते बहुधा परत येणारं रॉकेट. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्रातल्या पुष्कळ लोकांनी जळत जाणारे तुकडे पाहिले. तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा टप्पा होता, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं पडलेलं सापडलं. त्या संध्याकाळचे फोटो ज्यांनी वेळ आणि दिशेसकट जपून ठेवले त्यांचे फोटो खरोखर कामाचे आहेत.

इथपर्यंत काही जुळलं नाही आणि वस्तू ताऱ्यांबरोबरच फिरतेय असं वाटतंय, तर तिचा पत्ता काढा. फोटोत पंधरा-वीस तारे स्पष्ट असतील तर तो ॲस्ट्रोमेट्री डॉट नेटवर चढवा. ताऱ्यांच्या जागांची जुळणी करून आकाशाचा हा कुठला तुकडा आहे ते ही सेवा सांगते आणि ओळखीच्या वस्तूंची नावंही टाकते. सोबत कॉम्प्युटरवर आकाशाचा नकाशा दाखवणारं स्टेलॅरियम उघडा, ठिकाण नाशिक, तारीख-वेळ फोटोची. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना, तेही बघा. परदेश दौऱ्यानंतर ते बदलायचं राहिलं की अख्खं आकाश चुकतं. काही साइट जागतिक वेळेत बोलतात, आपली वेळ साडेपाच तासांनी पुढे.

इथे बऱ्याच जुन्या ओळखी भेटतात. जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळी दक्षिणेला खाली लाल-निळा-हिरवा लखलखणारा तारा म्हणजे अगस्ती. नाशिकहून तो क्षितिजापासून १७ अंशांच्या वर कधीच जात नाही, म्हणून त्याचा प्रकाश जाड हवेतून येतो आणि रंग फुटतात. फोन झूम करून काढलेल्या व्हिडिओत तो धडधडणारं, रंग बदलणारं वर्तुळ दिसतो. ते वर्तुळ फोकस सुटल्यामुळे आलेलं, रंग हवेमुळे. फार मोठा पांढरा गोळा पश्चिमेला संध्याकाळी किंवा पूर्वेला पहाटे असेल तर शुक्र तपासा. तो सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जात नाही, त्यामुळे मध्यरात्री कधीच नसतो. मृगाच्या तीन ताऱ्यांच्या खाली गुलाबी ढगुळका आला असेल तर तुमच्या कॅमेऱ्याने मृगातला तेजोमेघ टिपलाय. तो १,३०० प्रकाशवर्षांच्या आसपास दूर आहे आणि फोनच्याही फोटोत येतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेला खाली धुरकट गोल ठिपका असेल तर नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ बघा.

टेलिफोटो लेन्सवाल्यांसाठी एक खास गोष्ट. मृगाचा पट्टा आणि तेजोमेघ यांच्या मधल्या भागात कधीकधी बारीक, अगदी आडव्या रेघा येतात. ३६,००० किलोमीटरवरचे भूस्थिर उपग्रह नाशिकहून बरोबर त्याच पट्ट्यात दिसतात, खगोलीय विषुववृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात मानलेल्या रेघेच्या, साडेतीन अंश खाली. कॅमेरा ताऱ्यांमागे फिरत असेल तर ते रेघ होतात. कॅमेरा स्थिर असेल तर ते टिंब राहतात आणि तारे रेघ होतात. आपल्या इनसॅट-३डीआर या हवामान उपग्रहाची जागा ७४ अंश पूर्व रेखांशावर, आणि नाशिक ७३.८ वर. म्हणजे तो जवळजवळ नेमका दक्षिणेला, डोक्याकडून थोडा खाली, दिवसरात्र एकाच जागी उभा. तारे ताणलेले असताना गोल राहिलेलं टिंब पाहून हॉट पिक्सेल म्हणण्याआधी कॅमेरा जरा वळवून दुसरा फोटो घ्यायचा तो यासाठीच.

सगळी चाळणी करूनही एखादा ठिपका उरला, दोन-तीन फ्रेममध्ये ताऱ्यांच्या मानाने स्थिर आहे आणि नकाशात तिथे काहीच नाही, तर घाई न करता पण उशीरही न लावता पुढे जा. आधी लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या साइटवरच्या तपासणीत ती जागा आणि वेळ घालून लघुग्रह होता का बघा. मग रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, तारा आहे का बघा. उत्तर मुकुटातला टी कोरोने बोरियालिस एरवी दुर्बिणीशिवाय दिसत नाही, १८६६ आणि १९४६ साली तो नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका उजळला होता. त्याच जागेचा जुना फोटो शोधा, तुमचा किंवा दुसऱ्याचा. आणि जमेल तर त्याच रात्री पुन्हा फोटो घ्या, दुसऱ्या कॅमेऱ्याने.

असा उरलेला ठिपका खरंच काहीतरी नवं निघू शकतो. अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात व्हिक्टर बुसो नावाचे कुलूप-किल्ल्यांचं काम करणारे गृहस्थ २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री घराच्या गच्चीवरून नवा कॅमेरा तपासत होते. एनजीसी ६१३ या दीर्घिकेचे ते एकामागून एक छोटे फोटो घेत होते. आधीच्या फोटोंत नसलेला एक ठिपका नंतरच्या फोटोंत आला आणि उजळत गेला. तो अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन फुटणारा तारा निघाला, फुटण्याच्या अगदी सुरुवातीच्या क्षणांत पकडलेला. त्यांनी लगेच इतरांना कळवलं म्हणून मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. त्यांच्याकडे आधीचे फोटो होते, नंतरचे होते, आणि प्रत्येकाची वेळ होती.

कळवताना पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं खगोल मंडळ यांच्यासारख्या जाणत्या लोकांना आधी दाखवा. त्र्यंबक रोडवरच्या तारांगणातही विचारून बघायला हरकत नाही. सोबत द्या: मूळ फाइली, आधीची आणि नंतरची फ्रेम, डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेला तो फोटो), ॲस्ट्रोमेट्रीने दिलेला पत्ता, ठिकाण, वेळ सेकंदासकट, आणि काय काय तपासून वगळलं त्याची यादी. तुमचा अंदाज काय आहे तेही लिहा, पण शेवटी लिहा.